रिंगांना दोष देण्याआधी क्रँककेसचा दाब मोजावा

धुळ्याच्या सदस्यांची जुनी पोर्श बॉक्स्टर सुरू होताना पांढऱ्या धुराचे लोट सोडते आणि गॅरेजने पिस्टनच्या रिंगा गेल्याचे सांगून इंजिन उघडण्याचा सल्ला दिला आहे, त्याबाबत थोडी भर घालतो. निरोगी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या इंजिनातल्या पोकळीत, आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) हलकी ओढ, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी दाब, असते, कारण रिंगांवरून निसटलेले वायू ऑइल सेपरेटरमार्फत (वायूंतले तेल वेगळे करणारा भाग) इनटेककडे, म्हणजे इंजिन हवा घेते त्या मार्गाकडे, खेचले जातात. सेपरेटरचा पडदा फाटला की ही ओढ बेसुमार वाढते, वायूंसोबत तेलही जळते आणि ऑइल फिलरचे झाकण चालू इंजिनावर निघता निघत नाही. रिंगा झिजल्यावर बहुधा उलट होते. झाकण काढताच तिथून धुराचा फुसकारा येतो.

मोजणीला महागडे साधन लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी यू आकारात उंच फळीला बांधावी, निम्मी पाण्याने भरावी आणि तिचे एक टोक भोक पाडलेल्या जुन्या झाकणात घट्ट बसवावे. पातळ्यांतील 10 सेंटिमीटर फरक म्हणजे सुमारे 10 मिलिबार. फळी आखूड ठेवू नये, नाहीतर फाटका सेपरेटर पाणीच इंजिनात ओढेल. आपल्याकडच्या मे महिन्यातही इंजिन पूर्ण तापवूनच आकडा घ्यावा. ओढ वाढलेली नसेल, तरच लीक-डाउन चाचणीकडे (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती किती गळते ते पाहणे) वळावे.