पासपोर्ट बदललात की नाही? तुमचे अनुभव लिहा

रानजाई
परवा भाचीने पहिल्यांदा मत दिलं आणि शाईच्या बोटाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे पाठवले, मी पण पाठवला, आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागला की मला आता कधीच देता येणार नाही. अमेरिकन पासपोर्ट घेऊन बरीच वर्षं झाली. शपथेच्या दिवशी खरं सांगू का, काही वाटलं नव्हतं, पार्किंग मिळेल का याचंच टेन्शन. पण आपला निळा पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून पोस्टाने परत आला तेव्हा मात्र स्वयंपाक सुचेना. आत माझा दोन वेण्यांमधला फोटो, वर शिक्का. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाहीच, १९५५ च्या कायद्याचं कलम ९, स्वतःहून दुसरीकडचं घेतलं की इकडचं संपलं. तुम्ही काय केलंत, का केलंत, लिहा.

खटपट्या
ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारत देतो ते) म्हणजे दुसरं नागरिकत्व असं समजणारे अजून भेटतात, हसू येतं. आयुष्यभराचा व्हिसा आहे तो. मत नाही, निवडणुकीला उभं राहणं नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेणं नाही. एवढं सोडून बाकी आपलंच राज्य :)

मोरपंखी
सरकारी नोकरी भारतात असतानाही मिळाली नव्हती, त्यामुळे त्याचं दुःख नाही.

आबोली
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. माझं सगळ्यांच्या उलटं आहे. मी नागरिकत्व घेतलं ते भारतात जाऊन राहता यावं म्हणून! बाबांना अर्धांगवायू झाला, आई एकटी साताऱ्याला, भाऊ नाही. ग्रीन कार्डवर वर्षाच्या वर बाहेर राहिलं की कार्ड धोक्यात, री-एंट्री परमिट (परत येण्याचा परवाना) काढलं तरी दोन वर्षांचं, आणि तेही इथे असतानाच अर्ज करायचा. बाबा किती दिवस अंथरुणाला असतील हे कोण सांगणार? म्हणजे त्यांच्या उशाशी बसून मी महिने मोजायचे. नवरा म्हणाला आधी शपथ घेऊन टाक, मग जा आणि पाहिजे तेवढं राहा. तसंच केलं. हातात अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय, आणि बाबा जाईपर्यंत मी साताऱ्यात. शेजारच्या मावशी म्हणायच्या, तिकडची झाली ना गं तू आता. म्हटलं मावशी, तिकडची झाले म्हणूनच इथे आहे. त्यांना काही ते पटलं नाही. शिट्ट्या झाल्या, येते.

रानजाई
आबोली, हे वाचून गप्पच झाले. बाबांचं वाचून वाईट वाटलं गं.

वाचनमात्र
आबोलीताईंना जमलं ते चांगलंच, पण मार्च २०२० आठवा. ओसीआयवाल्यांचा विना-व्हिसा प्रवास एका फटक्यात स्थगित झाला. भारतीय पासपोर्टवाल्यांनाही विमानं नव्हती हे खरं, पण त्यांना आपल्या माणसात गणलं, आम्हाला परदेशी. माझी आई आयसीयूत आणि मी इथे ईमेल लिहीत बसलेलो. नंतर मे महिन्यात काही जणांना सवलत दिली, पण तोपर्यंत कळलं की सवलत वेगळी आणि हक्क वेगळा. बायकोने अजून भारतीय पासपोर्ट ठेवलाय, एकाचा तरी असावा म्हणून.

आबोली
हे बरोबर आहे तुमचं. २०२० मध्ये मी असते तर माझंही तेच झालं असतं. आई कशी आहेत आता?

वाचनमात्र
ठणठणीत. मलाच रोज औषधं घेतलीस का विचारते.

बर्लिनचा बंड्या
जर्मनीने २७ जून २०२४ पासून दोन नागरिकत्वं ठेवायला परवानगी दिली, पाच वर्षांनी अर्जही करता येतो. ऑफिसातल्या तुर्की मित्राने पेढे (बकलावा) वाटले, त्याला दोन्ही मिळाली. मला म्हणाला तू पण भर की फॉर्म. आता त्याला काय सांगणार, तुझ्या नव्या देशाला चालतंय, माझ्या जुन्या देशाला नाही. अजून भरला नाही. युरोपात फिरायला तसंही अडत नाही, लंडनला जायचं म्हटलं की मात्र बँक स्टेटमेंटं काढत बसावं लागतं.

टेम्सकाठी
लंडनला याच :) इथे नागरिकत्वाआधी परीक्षा असते, २४ प्रश्न, १८ बरोबर पाहिजेत, ४५ मिनिटं. शेजारच्या गोऱ्या आजोबांना सरावाचा पेपर दिला, ते नापास. त्यांना कोणी पाठवणार नाही म्हणा कुठे.

वाळवंटी
आम्ही दुबईकर सुखी, आमच्यासारख्या साध्या नोकरदारांना नागरिकत्व मिळतच नाही त्यामुळे घ्यावं का हा प्रश्नच नाही. नोकरी आहे तोवर व्हिसा, नाहीतर चंबूगबाळं आवरा.
जाता जाता रानजाईसाठी: माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, मताचा हक्कही आहे, फॉर्म ६अ भरला की अनिवासींचं नाव यादीत लागतं. पण मत द्यायला गावच्या केंद्रावर स्वतः हजर राहायचं. पासपोर्ट असूनही आम्ही कुठे देतोय मत!

खटपट्या
तिकीट काढा मग. लोकशाहीसाठी एवढं नाही करणार?

वाळवंटी
तुम्ही स्पॉन्सर करा, दोनदा देतो.

दादुस
थोडं विषयांतर. मी कॅनडाचं घेणार आहे, त्यासाठी लागणारे इथल्या वास्तव्याचे १०९५ दिवस पूर्ण झालेत. गावाला काकांना कळलं तर ते म्हणतात तू परदेशी झालास की सातबाऱ्यावरचं नाव आपोआप जाणार, मग सरकारजमा होण्यापेक्षा आत्ताच हक्कसोडपत्रावर सही कर. वडील नाहीत. खरं आहे का हे?

खटपट्या
अजिबात सही करू नका!!! विकत घेता येत नाही शेतजमीन, पण वारशाने आलेली तुमचीच राहते, पासपोर्ट कुठलाही असो. उद्या विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागेल, एवढंच. वडिलांच्या मागे तुमची वारसनोंद झाली आहे का, फेरफार बघून घ्या आधी. आणि गावाबाहेरचा वकील गाठा.

मोरपंखी
काका सगळ्यांचे सारखेच. आमचे तर नुसतं पुण्याला राहायला गेलो तेव्हाच म्हणाले होते की तुम्हाला आता जमीन कशाला.

चिऊताई
कोणी तान्ह्या बाळाचं ओसीआय केलंय का? साधी पार्श्वभूमी, डोळे उघडे, मान सरळ. तीन महिन्यांचं बाळ! चादरीवर झोपवून वरून काढला तर झोपूनच गेलं. आणि सहीच्या जागी अंगठा उमटवायचा तर मूठच उघडेना, शाई माझ्या ड्रेसला.

टेम्सकाठी
गाढ झोपेत मूठ सैल सुटते, तेव्हा अंगठा घ्यायचा. फोटो अंघोळीनंतर.

दादुस
धन्यवाद मंडळी. वारसनोंद आहे, फेरफार मिळाला. काकांना फोनवर सही करणार नाही सांगितलं. फोन ठेवला त्यांनी. यंदा आंब्याची पेटी विसरायची बहुतेक.

वाळवंटी
पेटी देवगडची की रत्नागिरीची, त्यावर ठरेल तुम्ही चुकलात की नाही ते.