'नवा माल आलाय' : चावट, द्व्यर्थी, अश्लील की आणखी काही?

कडक भाकरी :

गेल्या आठवड्यात सोलापुरात नवी पेठेतून रिक्षा करत होतो. रिक्षाच्या पाठीला एका साडी-ड्रेस मटेरियलच्या दुकानाचा फ्लेक्स. मान वळवून बघणारी एक पोरगी, पदर निम्मा घसरलेला, आणि तिच्या खांद्याला खेटून ठसठशीत अक्षरं : 'नवा माल आलाय! हात लावून बघा, घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.'

मी हसलो. खोटं कशाला सांगू, फिसकन हसू आलं. बरोबर मामेबहीण होती. ती म्हणाली, "आपण पुढच्या रिक्षानं जाऊ." उन्हात दहा मिनिटं उभे राहिलो, दोघंही गप्प.

रात्री जेवताना हे सांगितलं तर घरात तीन शब्द निघाले. वडील म्हणाले, 'चावट आहे'. आई म्हणाली, 'अश्लील'. धाकटा भाऊ म्हणाला, 'डबल मीनिंग आहे बे, एवढं काय त्यात'. मामेबहिणीला विचारलं तर ती म्हणाली, "यातलं एकही नाही. सेक्सिस्ट आहे, पण मराठीत काय म्हणायचं ते मला येत नाही."

तर जाणकारांना विचारतो. हे तीन शब्द एकच आहेत का? आणि चौथ्याला मराठीत काय म्हणायचं?

जुना मास्तर :

आधी शुद्धलेखन, कारण सवय जात नाही. द्वि + अर्थ म्हणजे 'द्व्यर्थ', त्यावरून 'द्व्यर्थी'. 'द्वयर्थी' सर्रास लिहितात, छापूनही येतं. 'द्विअर्थी' हिंदीतून आलं. मी द्व्यर्थीच लिहिणार, तुम्ही तुमचं बघा.

आता 'चावट'. जुन्या मराठीत 'चावटी' म्हणजे बडबड, वायफळ बोलणं. चावट म्हणजे तोंडाळ, वाचाळ. पुढे ज्याचं तोंड आवरत नाही तो नको तिथंही बोलतो, म्हणून शब्द घसरत घसरत आजच्या अर्थावर आला. त्यामुळं चावट म्हणताना आपण बोलणाऱ्याच्या जिभेकडं बघतो आणि बऱ्यापैकी माफही करतो. नातवाला 'चावट कुठला' म्हणतो, तेव्हा त्यात राग असतो का?

'अश्लील'चं उलट आहे. तो ऐकणाऱ्याच्या बाजूनं बघणारा शब्द. संस्कृत काव्यशास्त्रात अश्लील हा काव्यदोष आहे. मम्मटाच्या काव्यप्रकाशात त्याचे तीन प्रकार दिलेत : लाज वाटायला लावणारा, किळस आणणारा आणि अमंगळ सुचवणारा. म्हणजे कुणी मेल्याची आठवण करून देणारा शब्दसुद्धा शास्त्राप्रमाणे अश्लीलच, हे आज कुणाला पटायचं नाही. लाजेच्या प्रकाराला मम्मटानं दिलेलं उदाहरण तर तुमच्या फ्लेक्सचं पणजोबा शोभेल. एका राजाचं 'साधन' फार मोठं आहे, दुसऱ्या कुणाचं तसं दिसत नाही, असा तो श्लोक. साधन म्हणजे सैन्य. साधन म्हणजे पुरुषाचं इंद्रियही. कवीनं सैन्यच म्हटलंय, पण ऐकणारा दुसऱ्या अर्थावर जाऊन पोचतो. मम्मटानं याला दोष म्हटलं. तुमचे बंधू डबल मीनिंग म्हणून सोडून देतात.

मात्र हे तिन्ही शब्द शब्दाबद्दलच बोलतात. बाईबद्दल त्यात काहीच नाही. भगिनींचं म्हणणं बरोबर आहे.

चाटी गल्ली :

सर, मी कापडाच्या दुकानात उभं राहून तीस वर्षं काढलीत, म्हणून बोलतो. (चाटी म्हणजे कापडवाला, हे आता आमच्या गल्लीतल्यांनाही ठाऊक नसतं.)

'माल' हा आमचा दिवसभराचा शब्द. माल उतरला का, माल दाखव, माल परत टाक, सुरतेचा माल, इचलकरंजीचा माल. त्यात कुणाची आयबहीण नाही. 'हात लावून बघा' तर शंभर टक्के धंद्याचं वाक्य. कापड डोळ्यानं घेत नसतात. चादर असो, टॉवेल असो, साडी असो, बाई आधी चिमटीत धरते, अंगठ्यानं चोळते, पोत बघते, मग भाव विचारते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तरी गिऱ्हाईक आजही हातानंच खात्री करतं. आणि 'घ्यायलाच पाहिजे असं नाही' हे तर आम्ही दिवसातून दोनशे वेळा म्हणतो. त्याशिवाय बाई गादीवर बसत नाही. गादीवर म्हणजे दुकानातल्या पांढऱ्या गादीवर, आता तुम्ही लोक हसाल.

सांगायचं हे की वाक्य निर्मळ आहे. त्या फोटोवर हात ठेवून पुन्हा वाचा. काही वाटतं का? सगळी गंमत, नाहीतर घाण म्हणा, त्या फोटोत आहे. फोटो आला की 'माल' कापडावरून उठून पोरीवर जाऊन बसतो. आणि हे चुकून होत नाही. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर असले पंधरा नमुने तयार असतात, मालक बोट दाखवतो, संध्याकाळपर्यंत छापून हातात. ती पोरगी कुठली, कोण, कुणाला ठाऊक. आपण सोलापुरात रिक्षामागं फिरतोय हे तिला स्वप्नातही नसेल.

सात रस्ता :

लोक लई मनावर घ्यायलेत बे आजकाल. आपला गाव कुणाचा आहे? शाहीर राम जोशींचा. अठराव्या शतकात इथल्या जोशी घराण्यात जन्मलेला विद्वान माणूस, तमाशाच्या नादानं थोरल्या भावानं घराबाहेर काढला म्हणतात, पंढरपुरात जाऊन संस्कृत शिकला आणि तरी लावण्या लिहिल्याच. आपल्याच जिल्ह्यात अकलूजला लावणीच्या स्पर्धा होतात, बायका पुढच्या रांगेत बसून बघतात. दादा कोंडक्यांच्या पिच्चरला आमच्या आज्ज्या गेल्यात आणि पदर तोंडाला लावून हसल्यात. शृंगार, चावटपणा, शिमगा हे आपलंच आहे. 'सेक्सिस्ट' बाहेरून आणलेला शब्द. मराठीत नाही म्हणजे आपल्याला त्याची गरज पडली नाही, सिंपल.

शेंगाचटणी :

सात रस्ता दादा, गरज पडली नाही की गरज कुणाला होती ते कुणी विचारलं नाही?

माझी आई विड्या वळायची. अंगणात दहा-बारा जणी सुपं मांडीवर घेऊन बसायच्या, पानं कापायची, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा, हजाराचा हिशोब पुरा होईपर्यंत उठायचं नाही. तिथं जे चालायचं ते इथं लिहिलं तर जुने मास्तर चष्मा काढून ठेवतील. एक सोपं सांगते. "ओला केला, ताठ केला, भोकात घातला. काय?" नवी सून लाजून लाल व्हायची, मग म्हातारी म्हणायची, "अगं, सुईत दोरा ओवायचा!" विड्या तपासून छाट काढणाऱ्या माणसावर तर रोज नवं कायतरी निघायचं, कारण त्याच्या एका नजरेवर ह्यांचे पैसे कापले जायचे. मला चावट कळतं, दादा. चावट मी आईच्या मांडीवर शिकले.

ती चावटी आणि रिक्षामागचा फ्लेक्स एक नाही. अंगणात बोलणारी बाई होती, ऐकणारी बाई होती, आणि टिंगल व्हायची ती पैसे कापणाऱ्याची. फ्लेक्सवर बोलणारा मालक, हसणारे रस्त्यावरचे बाप्ये, आणि माल कोण, तर जिला साडी विकायची तीच.

'माल' शब्द मला दुकानात कळला नाही. अकरावीत कॉलेजच्या गेटवर कळला. चार पोरं गाडीवर, एक म्हणाला, "नवा माल आलाय." त्या वर्षी मी गेट बदललं, मागच्या बाजूनं जायचे. आता तेच वाक्य, एक अक्षर इकडं तिकडं नाही, नवी पेठेत छापून लावलंय आणि खाली लिहिलंय 'हात लावून बघा'. चाटी गल्ली काका म्हणतात वाक्य निर्मळ आहे. दुकानाच्या आत असेल, काका. रस्त्यावर ते आधीच वापरून झालेलं आहे.

चाटी गल्ली :

हे ध्यानात आलं नव्हतं, ताई. खरंच नव्हतं.

कडक भाकरी :

बहिणीला ते दाखवलं. "गेट कुठलं ते विचारू नकोस, सगळ्यांचं एक असतं," एवढंच बोलली.

सात रस्ताच्या लावणीबद्दल मात्र लिहायचं आहे. लावणी बहुतेक पुरुषांनीच लिहिली, खरं. पण फडावर उभी असलेली बाई समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवते. पुढच्या रांगेतून कुणी वाकडं बोललं तर तिथल्या तिथं असं उत्तर देते की तो पुन्हा तोंड उघडत नाही. गण-गौळणीतली मावशी तर सवाई बोलते. तिथं चावटपणाला सवाल-जवाब असतो. फ्लेक्सवरच्या पोरीला तोंड आहे, जवाब नाही.

म्हणून मला वाटतं, सगळं डबल मीनिंग एका पोत्यात भरू नये. दोन जुन्या जाहिराती आठवतात. एक 2007 मधली, पुरुषांच्या अंडरवेअरची, ती 'टॉइंग'वाली. नवी नवरी घाटावर नवऱ्याची चड्डी धुते आणि स्वतःच्याच आठवणीत रंगून जाते, बाकीच्या बायका आ वासून बघतात. सरकारनं ती टीव्हीवरून बंद पाडली. गंमत अशी की 'टॉइंग' या शब्दाला काही अर्थच नाही! एक अर्थ नाही तिथं द्व्यर्थी कुठून? पण अख्ख्या देशाला कळलं. ती बटबटीत होती, पाचकळ होती, पण त्यात मजा येत होती ती बाईलाच.

दुसरी 2022 ची, बॉडी स्प्रेची. जागा म्हणजे दुकानच. रॅकपुढं एकटी मुलगी, मागं चार पोरं. आपण चार आणि ही एकच, मग 'शॉट' कोण घेणार, असं ती बोलतात. मुलगी घाबरून वळते. मग कळतं, बोलणं रॅकवरच्या एकुलत्या बाटलीबद्दल होतं. जूनमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं ती ट्विटर आणि यूट्यूबवरून काढायला लावली. व्याकरणानं बघितलं तर ती 'टॉइंग'पेक्षा स्वच्छ. एक शब्द घाण नाही, कपडे अंगभर. अश्लील म्हणावं तर म्हणता येत नाही. पण सगळा विनोद त्या मुलीच्या पोटात आलेल्या गोळ्यावर उभा. ती घाबरली नसती तर जाहिरातच झाली नसती.

आईच्या 'अश्लील'च्या चाळणीत पहिली अडकते, दुसरी सुटते. वडिलांच्या 'चावट'मध्ये दोन्ही सुटतात.

जुना मास्तर :

कायद्याच्या नावातही हाच घोळ आहे. 1986 चा स्त्रियांच्या चित्रणाबद्दलचा जो कायदा आहे, त्यात इंग्रजी शब्द 'इनडीसेंट'. मराठीत त्याला कुणी असभ्य म्हणतं, कुणी अशिष्ट, कुणी अश्लील. तिन्ही शब्द सभ्यतेचे. बाईला कमी लेखलं का, हा प्रश्न कायद्याच्या व्याख्येत आहे, पण या शब्दांतून सुचतच नाही. जाहिरातवाल्यांनी स्वतःवर देखरेख ठेवायला 1985 मध्ये जी परिषद काढली, तिनंही लिंगाधारित साचेबंद चित्रणाबद्दल वेगळी मार्गदर्शक तत्त्वं दिली ती 2022 मध्ये.

आता चौथा शब्द. 'लिंगभेदी' कोशात चालेल. नोकरीच्या जाहिरातीत 'फक्त पुरुष हवेत' असेल तर अगदी चपखल. इथं कोरडा वाटतो. 'स्त्रीद्वेष्टी' चूक, कारण साडीवाल्याला बायकांचा द्वेष कसा परवडेल? 'पुरुषी' जवळ येतो, पण त्यात सगळे पुरुष आले, आणि मी त्या फ्लेक्सवर सही केलेली नाही.

चाटी गल्ली :

आमच्या शेजारचे पद्मशाली काका सांगतात, तेलुगूत असल्या बोलण्याला 'बूतु' म्हणतात. कानडीत 'पोली'. दोन्ही चावट-अश्लीलच्याच घरातले. म्हणजे सोलापूरच्या तिन्ही भाषांत हा खण रिकामाच.

शेंगाचटणी :

रिकामा नाही. धंद्यातच शब्द आहे. 'गिऱ्हाईक'.

दुकानात येतो तो गिऱ्हाईक. आणि चारचौघांत एखाद्याची टर उडवली की आपण म्हणतो, 'त्याचं गिऱ्हाईक केलं'. ही जाहिरात बाईला गिऱ्हाईक मानत नाही, बाईचं गिऱ्हाईक करते. नवी पेठेत हे उभ्या उभ्या कुणालाही समजेल.

गादीच्या दुकानाचा बोर्ड बघा, विजापूर रोडला होता मध्यंतरी : 'आवाज न करणारा पलंग. शेजाऱ्यांनाही झोपू द्या.' चावट आहे. मी हसले, सासूबाई हसल्या, दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही. पण त्यात गिऱ्हाईक कुणाचंच झालं नाही. झालं असेल तर शेजाऱ्यांचं.

आणि माल असला की मालक येतोच. आमच्याकडं नवऱ्यालाही 'मालक'च म्हणायचे.

जुना मास्तर :

'गिऱ्हाईक करणारी' मान्य, उत्तम! मात्र एक दुरुस्ती. माल आणि मालक, दोन्ही अरबीतून आले असले तरी त्यांचे धातू वेगळे आहेत. एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

शेंगाचटणी :

अरबस्तानात नसतील लागत, सर. सोलापुरात एकाच घरात राहतात.

सात रस्ता :

पलंगाचा बोर्ड खरंच भारी होता. फ्लेक्सवर अजून माझं मत तेच आहे, पण गेटचं वाचलं. आमच्या गाडीवर पण चौघं बसायचो. एवढंच.

कडक भाकरी :

ताजी खबर. काल परत तोच रिक्षावाला भेटला. कुणीतरी जाऊन दुकानदाराशी बोललंय वाटतं, कारण 'माल'वर पांढरी पट्टी चिकटवून वर लाल स्केचपेननं 'स्टॉक' लिहिलंय. 'नवा स्टॉक आलाय! हात लावून बघा.'

पोरगी तीच आहे. पदरही तिथंच.