एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या) लायसन्ससाठी अमेरिकेतला एजंट कोणाला नेमावे?

सांगलीची_घार
नमस्कार मंडळी. फ्लोरिडातील एका फ्लाइंग स्कूलमधून कमर्शियल पायलटचे लायसन्स, इन्स्ट्रुमेंट आणि मल्टी-इंजिन रेटिंग घेऊन मी गेल्या वर्षी सांगलीला परतले आणि सध्या भारतातील लायसन्ससाठी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) पेपरांचा अभ्यास करते आहे. एफएएकडे माझा पत्ता सांगलीचाच आहे. ज्यांचा अमेरिकेत राहता पत्ता नाही, अशा लायसन्सधारकांनी तिथे एफएएचे कायदेशीर कागद (नोटिसा, आदेश) आपल्या वतीने स्वीकारणारा एजंट नेमावा, हा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. आधीपासून लायसन्स असणाऱ्यांना ७ जुलै २०२५ पर्यंत मुदत होती आणि ती मी अभ्यासाच्या नादात चुकवली. लायसन्स रद्द होत नाही, पण नेमणूक होईपर्यंत त्यावर उडता येत नाही, असे मला समजले आहे. पुढच्या हिवाळ्यात तिकडे जाऊन इन्स्ट्रक्टर व्हायचे असल्यामुळे आता हे टाळून चालणार नाही.

न्यू जर्सीतील एडिसन गावचा मावसभाऊ, पैसे घेऊन हे काम करणारी एखादी कंपनी किंवा ओहायोतील माझी ७१ वर्षांची आत्या, असे तीन पर्याय आहेत. बजेट वर्षाला ५००० रुपये. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता चालू आहे, त्यामुळे यापेक्षा एक रुपयाही जास्त शक्य नाही. कृपया अनुभव सांगावेत.

दुबईकर_कप्तान
मी सरळ विमान कायद्यातील एका वकिलाचे कार्यालय नेमले आहे आणि वर्षाला ३०० डॉलर देतो. पंधरा हजार तास उड्डाण केलेल्या माणसाने आपले लायसन्स कोणा नातेवाइकाच्या टपालपेटीच्या भरवशावर सोडावे, हे मला पटत नाही. तुम्हीही तेच करा.

सांगलीची_घार
सर, ३०० डॉलर म्हणजे माझ्या बजेटच्या पाचपट होतात.

दुबईकर_कप्तान
पहिली नोकरी लागली की ही रक्कम किरकोळ वाटेल.

पाना_आणि_पक्कड
मी पायलट नाही, मेकॅनिक आहे आणि नागपुरात मिहानला काम करतो. हा नियम विमानांचे मेकॅनिक आणि डिस्पॅचर (उड्डाणांचे नियोजन करणारे) यांनाही लागू आहे, हे अनेकांना अजून ठाऊक नाही, म्हणून आधी सांगून ठेवतो. मी माझा जुना रूम पार्टनर नेमला होता. मुलगा सज्जन, पण दोन महिन्यांत त्याने नोकरी बदलली, अपार्टमेंट सोडले आणि मला कळवले दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर, तेही शेवटच्या ओळीत. एजंटचा पत्ता बदलल्यास ३० दिवसांत एफएएला कळवायचे असते आणि ही जबाबदारी एजंटची नसून आपली असते. माझे ते दिवस केव्हाच उलटून गेले होते. तुमचा मावसभाऊ भाड्याच्या घरात राहत असेल, तर त्याचे नाव आजच यादीतून काढा.

ड्रोनवाला_दादर
टेक्सासमध्ये शिकत असताना मी ड्रोन उडवण्याचे एफएएचे प्रमाणपत्र (पार्ट १०७) घेतले, त्यालाही एजंट लागतो. मी हुशारी करून टपालपेट्या भाड्याने देणाऱ्या दुकानाचा पत्ता घेतला आणि वर्षाचे पैसे भरल्यावर कळले की पोस्ट बॉक्स किंवा तसला टपाल गोळा करणारा पत्ता चालतच नाही, तिथे खरोखरीचे घर किंवा कार्यालय लागते. पैसे बुडाले. दुकानदार म्हणाला की पेटी तर मिळाली ना, मग तक्रार कसली.

उडता_पुणेकर
इतका खटाटोप कशासाठी? मावसभावाचा पत्ता स्वतःचा म्हणून एफएएकडे नोंदवा, म्हणजे एजंटचा प्रश्नच उरत नाही.

बेलिफाचा_मुलगा
कृपया असे काही करू नका. जिथे आपण राहत नाही तो पत्ता आपला म्हणून सरकारी नोंदीत लिहिणे, हे एजंट न नेमण्यापेक्षा कितीतरी मोठे दुखणे आहे.

हा नियम का आला, तेही थोडे समजून घ्यावे. माझे वडील सातारा जिल्हा न्यायालयात बेलीफ होते. माणूस घरी सापडला नाही, तर पंचांसमक्ष दारावर नोटीस डकवून पंचनामा करायचा आणि मग बजावणी झाली असा शेरा मारायचा, हे मी लहानपणी त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून पाहिले आहे. एफएएला सांगलीच्या दारावर कागद डकवता येत नाही. परदेशात बजावणी करायची तर हेग करारानुसार जावे लागते. भारत या करारात आहे, पण टपालाने थेट कागद पाठवण्याला भारताने हरकत नोंदवलेली असल्यामुळे तो कागद दिल्लीला विधी आणि न्याय मंत्रालयामार्फत फिरून येतो आणि त्यात महिनोन्‌महिने जातात. म्हणून एफएएने हे दार अमेरिकेतच मागितले. कागद एजंटच्या हाती पडला की तो तुमच्या हाती पडला असे धरले जाते.

उडता_पुणेकर
म्हणजे एजंट हा मुखत्यारच झाला की! मग नातेवाइकाला मुखत्यारपत्र द्यायचे, तर ते नोटरी करावे लागेल ना?

बेलिफाचा_मुलगा
मुखत्यार तुमच्या वतीने सही करतो, व्यवहार करतो. इथे एजंट फक्त कागद घेतो आणि तुमच्याकडे पोचवतो. तो वकील असण्याचीही गरज नाही. १८ वर्षे पूर्ण झालेली, अमेरिकेत पत्ता असलेली व्यक्ती किंवा संस्था चालते. मात्र तिने हे काम समजून स्वीकारले आहे, हे तुम्ही एफएएला लिहून द्यायचे असते, म्हणून आधी विचारा आणि मग नाव भरा.

उडता_पुणेकर
माझ्या मते मुखत्यारपत्र केलेले बरे. लेखी कागद कधीही चांगला.

गगनविहारी_७३७
एक कळीची गोष्ट कोणीच बोललेले नाही. लायसन्स निलंबित किंवा रद्द करण्याचा आदेश निघाला, तर एनटीएसबीकडे (अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाकडे) अपील करायला साधारणपणे २० दिवस मिळतात आणि तातडीचा आदेश असेल तर फक्त १०. एजंटने पाकीट आठवडाभर टेबलावर ठेवले, तर तो आठवडा तुमचा गेला. मी एका कंपनीला पहिल्या वर्षाचे ६० डॉलर दिले आहेत. पत्र आले की ते त्याच दिवशी स्कॅन करून पाठवू असे ती म्हणते. अजून एकही पत्र आलेले नाही, त्यामुळे ते खरोखर तसे करतात की नाही, हे मला सांगता येणार नाही. सध्याच्या दराने तुमचे बजेट थोडेसेच ओलांडले जाईल.

ड्रोनवाला_दादर
कंपनीच घ्या. आणि पोस्ट बॉक्स चालत नाही, हे पुन्हा सांगतो.

पाना_आणि_पक्कड
आत्याबाईंच्या वयाचा मान राखून सांगतो, या वयात माणसे ईमेल पाहत नाहीत. माझेही मत कंपनीलाच.

दुबईकर_कप्तान
कंपनीपेक्षा वकील. अडचण आली, तर कंपनी तुम्हाला पत्र पाठवील, वकील उत्तर पाठवील.

सांगलीची_घार
सर्वांचे आभार. मावसभावाला फोन केला. जूनमध्ये त्याचा भाडेकरार संपतो आहे, म्हणून तो पर्याय मिटला. कंपनीचा दर माझ्या बजेटच्या वर जातो आणि आलेल्या पत्राचे ती नक्की काय करते, हे इथे कोणालाच सांगता आले नाही.

म्हणून आत्याला नेमते आहे. ती एकाच घरात ३१ वर्षे राहते. आलेले प्रत्येक पाकीट, अगदी जाहिरातीचेसुद्धा, स्वयंपाकघरातल्या सुरीने नीट कापते, कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख लिहिते आणि भिंग घेऊन शेवटपर्यंत वाचते. काल तिला सगळे समजावून सांगितले, तेव्हा तिने एकच विचारले, की पाकीट आपण फोडायचे की माझ्यासाठी तसेच ठेवायचे. फोडायचे, फोटो काढायचा आणि तिकडे सकाळ असो वा रात्र, मला फोन करायचा, असे ठरले आहे. ती सुट्टीत पंधरा दिवस मुलीकडे जाते, तेव्हा शेजारीण टपाल आत घेते. त्या शेजारणीचा नंबरही मी लिहून घेतला आहे. आज रात्री तिचे नाव एफएएच्या पोर्टलवर भरते.

उडता_पुणेकर
मुखत्यारपत्राचे काय ठरले?