शब्दचर्चा : जिंकलेल्या सामन्यात गुण वाढवतच राहणे, याला काय म्हणावं?

दांडियाबाजारकरीण :
सुट्टीत गल्लीतल्या मुलींना खो-खो शिकवते. परवा चौदा वर्षांखालचा सामना अगदीच एकतर्फी झाला. समोरच्या दोघी पहिल्यांदाच मैदानात उतरलेल्या, खांबाला चिकटूनच उभ्या. आमच्या पोरी मात्र शेवटच्या मिनिटालाही सूर मारून त्यांना टिपत होत्या. वर ‘ताई, धोई नाख्या!’ (म्हणजे धुऊन काढलं! बडोदा आहे, गुजराती चालायचंच.) ‘धुव्वा उडवणे’ मला नको, त्यात कौतुक आहे. दुसरा शब्द?

रावपुऱ्याचा :
गुण फुगवणे?

जुना पंच :
फुगवलेलं म्हणजे खोटं, बिलासारखं. हे गुण तर घाम गाळून मिळवलेले. ‘लोळवणे’, ‘चारी मुंड्या चीत’ हेही जुळत नाहीत. चीत झाला की कुस्ती संपली, पुढे वाढवायला काही उरतच नाही. मी मैदानावर ‘मेलेल्याला मारू नका’ म्हणतो. बाद झालेल्याला पोरं ‘मेला’च म्हणतात, त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही.

रावपुऱ्याचा :
मग ‘ओरबाडणे’. गुण ओरबाडले.

दांडियाबाजारकरीण :
हा बसतो! पण मराठीत आधीपासून काहीच नसावं?

जुना पंच :
उलट बाजूचा आहे : ‘राखून’. एक डाव राखून, सात गडी राखून, चार मिनिटे राखून. विजय किती मोठा, हे आपण हाती काय शिल्लक राहिलं त्यावरून सांगतो. आणि ‘फॉलोऑन लादला’ ऐकायला क्रूर वाटतं, पण खो-खोत त्याने दुबळ्या संघाची सुटका होते. त्यांना लगेच पुन्हा आक्रमण मिळतं, आणि तरीही ते मागे राहिले तर सामना तिथेच संपतो, पुन्हा पळावं लागत नाही. कबड्डीचा लोणही बघा, अख्खा संघ बाद झाला की चढतो तो. दोन गुण जास्तीचे जातात खरे, पण सातही जण परत मैदानात येतात. हुतूतूचे, म्हणजे कबड्डीचेच, नियम १९२३ साली आपल्या बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने छापले, तेव्हा हा विषय घरचाच. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलमध्ये चार डावांनंतर दहा धावांची आघाडी असेल तर सामना थांबवतात. आपल्या शालेय क्रिकेटला असं काही हवंच होतं. २०१६ साली कल्याणच्या एका शाळेने ३ बाद १४६५ केल्या, समोरचे पहिल्या डावात ३१.

रावपुऱ्याचा :
मग भाऊसाहेब निंबाळकरांनीही ओरबाडल्या म्हणायचं? १९४८ साली पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ला थोडक्याच धावा कमी. काठियावाडने सामनाच सोडून दिला. निंबाळकर बडोद्याकडूनही खेळलेत, म्हणून विचारतो!

जुना पंच :
नाही. ते मोठ्या माणसांचं क्रिकेट, आणि तिथे अखिलाडू वागले ते मैदान सोडणारे. ‘ओरबाडणे’ पोरांपुरतं ठेवा. तिथे समोरचा तयार नसतो, आणि प्रशिक्षकाला ते दिसत असतं.

दांडियाबाजारकरीण :
टोमणा पोचला. पण पोरींना मुद्दाम हळू पळा म्हणणार नाही, तो समोरच्यांचा अपमान. राखीव मुलींना आत घेता आलं असतं.

रावपुऱ्याचा :
एक गंमत. ‘खिलाडूवृत्तीने पराभव स्वीकारला’ शंभरदा वाचलंय. ‘खिलाडूवृत्तीने जिंकला’ कुणी कधी वाचलंय का?