रोज दोन वाक्ये दुरुस्त करून घ्यायची आहेत : वाक्ये कशी निवडावीत, कशी तपासावीत?

कानामात्रा

नमस्कार. मी आठवीला मराठी शिकवते. शाळा लातूर जिल्ह्यात, वर्गात चाळीसेक मुले. जूनपासून परिपाठानंतर रोज दहा मिनिटे वाक्यदुरुस्ती सुरू करायचा विचार आहे. फळ्यावर दोन चुकीची वाक्ये द्यायची, मुलांनी ती वहीत शुद्ध करून लिहायची आणि मग चर्चा.

वह्यांमध्ये मुख्यतः चार प्रकार दिसतात : ऱ्हस्व-दीर्घ, शब्दयोगी अव्यये तोडून लिहिणे (घरा समोर, त्याच्या साठी), 'दुसर्या'सारखी रफाराची गफलत आणि पूर्णविरामाशिवाय दुसरे कुठलेच विरामचिन्ह नसणे.

शंका अशा आहेत. एका वाक्यात किती चुका ठेवाव्यात? चुकीचा शब्द रोज फळ्यावर दिसल्याने तोच डोळ्यांत बसेल का? 'मी अभ्यास केलो' हे मुलांच्या घरचे बोलणे आहे, त्यावर लाल रेघ मारणे मला योग्य वाटत नाही. पण उत्तरपत्रिकेत ते चालणार नाही, तिथे काय करावे? आणि चाळीस वह्या रोज तपासायच्या कशा?

सातवी_ब

ताई, आधी चुकांच्या संख्येबद्दल. वाक्य सहा ते नऊ शब्दांचं ठेवा, चुका दोन ते चार, आणि त्या शक्यतो एकाच जातीच्या. एकाच वाक्यात ऱ्हस्व-दीर्घ, लिंग, स्वल्पविराम सगळं कोंबलं की मूल कोडं सोडवल्यासारखं चुका शोधत बसतं. नियम कुठलाच पक्का होत नाही. सोमवार ते गुरुवार एकच नियम, शुक्रवारी सरमिसळ.

पहिला महिनाभर वाक्याच्या शेवटी चुकांचा आकडा लिहाच. आकडा नसला की मुलं बरोबर शब्दही बदलतात. 'मंदिर'चं 'मंदीर', 'गुण'चं 'गूण' असं होतं, कारण 'काहीतरी चुकलेलं असणारच' हे त्यांनी धरलेलं असतं. त्यासाठीच आठवड्यातून दोनदा तरी एक वाक्य पूर्ण शुद्ध द्या आणि पुढे शून्य लिहा. दुसऱ्या महिन्यापासून आकडा काढून टाका, शुद्ध वाक्यं मात्र मधूनमधून येऊ द्या.

उपान्त्य म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा एक आठवडा असा लावता येईल (रोजचं एकेक वाक्य देतोय, दुसरं त्याच धर्तीवर करा) :

सोमवार – 'मूलांनी फूलांची माळ करुन दीली.' (४)
शुद्ध : मुलांनी फुलांची माळ करून दिली. 'मूल', 'फूल' अकारान्त (शेवटी अ असलेले), म्हणून उपान्त्य ऊ दीर्घ. पण सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं जे बदललेलं रूप होतं त्यात, तो ऱ्हस्व होतो. 'दिली'त शेवटचं अक्षर दीर्घ, म्हणून आधीची इ ऱ्हस्व. 'करून', 'जाऊन', 'येऊन' यांतला ऊ कायम दीर्घ.

मंगळवार – 'गावाबाहेरच्या पुलावरुन नदिचा पुर दिसतो.' (३)
शुद्ध : गावाबाहेरच्या पुलावरून नदीचा पूर दिसतो. 'पुला' इथे बरोबरच आहे, तो मुद्दाम ठेवलाय. 'नदी'ची ई अन्त्य आहे, उपान्त्य नाही, म्हणून प्रत्यय लागला तरी दीर्घच राहते. कालचा नियम मुलं सगळीकडे लावत सुटतात का, ते इथे कळतं.

बुधवार – 'पाटिलांनी कापुसाच्या गाड्या भरल्या.' (२)
शुद्ध : पाटलांनी कापसाच्या. 'पाटील', 'कापूस', 'माणूस', 'लाकूड', 'बेरीज' यांत ई-ऊ ऱ्हस्व होत नाही, त्याचा थेट अ होतो : माणसाला, लाकडाचा, बेरजेत. शेजारीच 'वकील–वकिलाला', 'जमीन–जमिनीवर' लिहून फरक दाखवा.

गुरुवार – 'परिक्षेच्या काळात शरिराची काळजी घ्या.' (२)
शुद्ध : परीक्षेच्या, शरीराची. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला अपवाद. सोमवारचा नियम इथे का लागत नाही हा प्रश्न मुलांकडूनच यायला हवा, म्हणून गुरुवारपर्यंत अपवादाचं नावही काढू नका.

शुक्रवार – 'शाळे समोरच्या मंदीरात दुसर्या दिवशी किर्तन होते.' (४)
शुद्ध : शाळेसमोरच्या मंदिरात दुसऱ्या दिवशी कीर्तन होते.

दहा मिनिटांची वाटणी : तीन मिनिटं लिहिणं, दोन मिनिटं शेजाऱ्याशी वही बदलून पाहणं, उरलेली पाच फळ्यावर. वह्यांचं म्हणाल तर रोज आठच घ्या, म्हणजे आठवड्यात प्रत्येक वही एकदा हाताखालून जाते. एका कागदावर तुमच्या चार प्रकारांचे चार रकाने आखा आणि चूक दिसली की फक्त रेघ ओढा. आठ वह्यांत एकाच रकान्यात पाच-सहा रेघा आल्या तर तो नियम पुढच्या आठवड्यात नव्या शब्दांनिशी परत घ्या. तीच वाक्यं परत देऊ नका, मुलं वाक्य पाठ करतात.

मुद्रितशोधक

वरचा आराखडा चांगला आहे. त्यात एक गोष्ट माझ्या मते अत्यावश्यक आहे : प्रत्येक दुरुस्तीशेजारी तिचे कारण. ऱ्हस्व-दीर्घात पर्याय दोनच असतात. नुसता अंदाज केला तरी निम्मी उत्तरे बरोबर येतात आणि मुलाला व शिक्षकाला दोघांनाही वाटते की नियम समजला. म्हणून वहीचे पान उभे दुमडून दोन भाग करावेत. डावीकडच्या मोठ्या भागात शुद्ध वाक्य आणि उजवीकडे तीन-चार शब्दांत कारण : 'फूल–फुलांची, सामान्यरूप ऱ्हस्व', 'शब्दयोगी जोडून'. कारण नसेल तर दुरुस्ती धरायची नाही. हे सुरुवातीला कडक वाटते, पण सारा उपयोग यातच आहे.

चुकीचा शब्द डोळ्यांत बसण्याची भीती खरी आहे. शुद्धलेखनाचा मोठा भाग शब्दाच्या ओळखीच्या आकारावर चालतो आणि चुकीचा आकार वारंवार दिसला तर तोही ओळखीचा होतो. त्यावर तीन उपाय. मुलांनी चुकीचे वाक्य वहीत उतरवायचेच नाही, थेट शुद्ध वाक्य लिहायचे. चर्चा संपताच फळ्यावरचे चुकीचे शब्द पुसून त्याच जागी शुद्ध शब्द लिहायचे आणि ते वाक्य दिवसभर फळ्याच्या कोपऱ्यात ठेवायचे. आणि जे शब्द हटकून चुकतात ते चुकीच्या रूपात दाखवण्याऐवजी जागा सोडून द्यायचे : 'प _ क्षा', 'आ _ र्वाद', 'म _ व'. आठवड्यातून एकदा चार ओळींचे श्रुतलेखनही हवे; दुसऱ्याच्या चुका पकडणारे मूल स्वतः लिहिताना शुद्ध लिहीलच असे नाही.

शब्द सुटे न देता कुळाने द्यावेत. 'ईक्ष'चे कूळ घ्या : परि+ईक्षा परीक्षा, प्रति+ईक्षा प्रतीक्षा, निर्+ईक्षण निरीक्षण, सम्+ईक्षा समीक्षा. ही फोड एकदा फळ्यावर झाली की 'निरिक्षण' आणि 'समिक्षा' वेगळे शिकवावे लागत नाहीत. तसेच 'त्व' : महत्+त्व महत्त्व, तत्+त्व तत्त्व, सत्+त्व सत्त्व, मूळ शब्दाच्या शेवटी त् आहे म्हणून दोन त. 'नेतृ', 'मातृ', 'कर्तृ' यांच्या शेवटी त् नाही, म्हणून नेतृत्व, मातृत्व, कर्तृत्व यांत एकच. 'व्यक्तिमत्त्व' पहिल्या गटातला. तिसरे कूळ द्ध-द्व यांचे : शुद्ध, सिद्ध, पद्धत, बुद्धी, विद्वान, द्वारा. इथे आधी द् उच्चारला जातो आणि नंतर ध किंवा व. जोडाक्षराचा आकार पाहून मुले घटकांचा क्रम उलटा समजतात आणि 'शुध्द', 'व्दारा' लिहितात. शब्द तोडून मोठ्याने म्हणायला लावावा : शुद्–ध, विद्–वान.

रफाराचेही तसेच. ज्या शब्दाच्या शेवटी रा किंवा री आहे आणि त्याला पुढे 'या' येतो, तिथे ऱ्या : दुसरा–दुसऱ्या, नवरा–नवऱ्याला, शेतकरी–शेतकऱ्यांना, दरी–दऱ्या. मूळ शब्दातच र्य असेल तर रफार : सूर्य, कार्य, आचार्य. कानालाही फरक कळतो. 'सूर्या'त र्यच्या आधीच्या अक्षरावर आघात येतो, 'सुऱ्या'त येत नाही. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' ही जोडी वर्गात वाचून घ्या, एकदाच पुरते.

एक विनंती. ज्या रूपांबद्दल छापील मजकुरातच एकवाक्यता नाही, ती दुरुस्तीला देऊ नका. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी ४ आले. त्या १८ नियमांप्रमाणे अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार येतो, म्हणून 'तुम्हांला'. पण 'तुम्हाला' सर्रास छापले जाते आणि मुले तेच वाचतात. 'म्हणाले, की' आणि 'म्हणाले की,' यांचेही तसेच. 'असे–असं', 'केले–केलं' ही दोन्ही रूपे चालतात. मुलांना एवढेच सांगावे की निबंधात 'असे, केले' लिहा, पात्राच्या तोंडी 'असं, केलं' चालेल, आणि एकाच परिच्छेदात मिसळू नका.

कळफलक

वाक्यं टंकून कागदावर किंवा पडद्यावर देणार असाल तर 'दुसऱ्या' नीट उमटतंय ना, ते आधी पाहा. साधा र, मग हलन्त, मग य टंकलं की रफारच येतो, म्हणजे शुद्ध उत्तरातच चूक छापली जाते. त्यासाठी नुक्ता म्हणजे खाली टिंब असलेलं ऱ हे वेगळं अक्षर घ्यावं लागतं : ऱ, हलन्त, य. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र ज्या कळीवर आहे त्याच कळीवर शिफ्टसह ऱ मिळतं. 'ऱ्हस्व'लाही हेच.

आणि संगणकाच्या शब्दतपासणीवर उत्तरं तपासू नका. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' दोन्ही खरे शब्द आहेत, त्यामुळे वाक्यात चुकीचा बसला तरी खाली लाल रेघ येत नाही. अशा शब्दांच्या जोड्या शुक्रवारच्या सरमिसळीत जरूर टाका : 'दिन माणसाला मदत करा', 'सूताचा धागा'. दुसऱ्यात 'सुताचा' हवं, आणि तिथे सामान्यरूपाचा नियमही परत येतो.

कानामात्रा

सर्वांचे मनापासून आभार. कारणाचा रकाना आणि शुद्ध वाक्याची युक्ती नक्की घेणार. दोन गोष्टी राहिल्या : विरामचिन्हे आणि 'मी अभ्यास केलो'.

सातवी_ब

विरामचिन्हांसाठी चुकीचं वाक्य देण्यापेक्षा चिन्हांशिवाय वाक्य द्या आणि आधी मोठ्याने वाचून घ्या. 'तो येणार नाही आला तर बघू' हे दोन मुलांकडून वाचून घ्या. 'तो येणार, नाही आला तर बघू.' आणि 'तो येणार नाही, आला तर बघू.' असे दोन अर्थ निघाले की स्वल्पविरामाचं काम समजावत बसावं लागत नाही. त्यानंतर एकेक चिन्ह : हाक मारल्यावर स्वल्पविराम (सीमा, इकडे ये.), यादीत शेवटच्या 'आणि'च्या आधी नाही (ज्वारी, तूर आणि सोयाबीन), बोलणाऱ्याच्या नेमक्या शब्दांना दुहेरी अवतरण (बाई म्हणाल्या, "वह्या काढा."). प्रश्नचिन्हात एकच चूक मोठी आहे : 'तो कधी येणार हे मला माहित नाही?' इथे प्रश्न विचारलेलाच नाही, म्हणून पूर्णविराम. आणि 'माहीत'मधला 'ही' दीर्घ. अर्धविराम, अपूर्णविराम ओळखता आले तरी आठवीला पुरे.

मुद्रितशोधक

'मी अभ्यास केलो'ला चूक म्हणू नये हे आपले मत अगदी योग्य आहे. ते त्या भागातल्या बोलीचे रीतसर रूप आहे. फळ्यावर दोन रकाने करावेत, 'बोलताना' आणि 'उत्तरपत्रिकेत', आणि मुलांनी एकातून दुसऱ्यात रूपांतर करावे. लाल शाई नको, गुणही कापू नयेत.

प्रमाण लेखनातला नियम असा की सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे बदलते : मी अभ्यास केला, मी भाकरी खाल्ली, मी पुस्तक वाचले. अकर्मक असेल तर कर्त्याप्रमाणे : मी गेलो, मी झोपले. गोंधळ होतो कारण 'मी'ला 'ने' दिसत नाही. म्हणून 'मी' काढून तिथे तृतीय पुरुष घालून पाहायला सांगावे. 'त्याने अभ्यास केला' असे होत असेल तर 'मी'बरोबरही 'केला'. 'तो गेला' असे होत असेल तर 'मी गेलो'. ही कसोटी अपवादही पकडते : पिणे, शिकणे, विसरणे ही सकर्मक असूनही 'तो पाणी प्याला', 'तो धडा शिकला', 'तो नाव विसरला' असेच म्हणतात, म्हणून मी प्यालो, शिकलो, विसरलो.

मात्र एखाद्या मुलाच्या घरी 'तो काम केला' असेही बोलत असतील तर या कसोटीचा त्याला उपयोग नाही. त्या मुलांसाठी करणे, खाणे, वाचणे, लिहिणे, पाहणे, देणे, घेणे, आणणे, सांगणे, ऐकणे ही दहा क्रियापदे घ्या. रोज एक, तीन वेगवेगळ्या लिंगांच्या कर्मांबरोबर : मी भात खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळे खाल्ले.