कोरकू मुलांना इंग्रजीच्या तासाला बोलतं कसं करायचं?

प्रश्न (शिक्षिका, धारणी तालुका, मेळघाट)
सहावीचा वर्ग, २८ मुलं, सगळ्यांच्या घरी कोरकू ही आदिवासी बोली. धडा मराठीत समजावला की माना डोलावतात, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. वाढदिवस, केक, पार्टी असे विषय आले की कुणी तोंडच उघडत नाही. पाठ्यपुस्तक बाजूला न ठेवता मुलांचं जगणं तासाला कसं आणायचं?

उत्तर १
मॅडम, कोरकू मुंडा भाषाकुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. मराठीतून सांगितलेला अर्थही मुलांना पुन्हा उलगडावा लागतो. मोहफुलं वेचण्याचा विषय घ्या. मार्च-एप्रिलमध्ये फुलं आणि टोपली थेट वर्गात आणता येतात. चार तासिका धरा.

पहिल्या दिवशी चौघाचौघांच्या गटात दहा मिनिटं कोरकूतच बोलू द्या: कोण जातं, किती वाजता, फुलं कुठं वाळवतात. मग मराठी बरी येणारं मूल ते सांगेल, तुम्ही फळ्यावर पाचच वाक्यं इंग्रजीत लिहा. ‘वुई गेट अप अर्ली.’ ‘वुई पिक द फ्लॉवर्स.’ ‘वुई ड्राय देम इन द सन.’ नवे शब्द आठाच्या वर नकोत. दुसऱ्या दिवशी शब्दावर बोट ठेवून वाचन, तिसऱ्या दिवशी वाक्यपट्ट्या कापून शब्द पुन्हा जुळवणं, चौथ्या दिवशी एखादा शब्द बदलून स्वतःचं वाक्य आणि चित्र.

मूल ‘वुई फॉरेस्ट गो’ म्हणेल, कारण कोरकू आणि मराठी दोन्हींत क्रियापद शेवटी येतं. टोकू नका. ‘येस, वुई गो टु द फॉरेस्ट’ म्हणत बरोबर वाक्य फळ्यावर लिहा, पण आशय त्याचाच ठेवा. आपण वाक्यं सजवायला लागलो की मुलं गप्प बसतात.

उत्तर २
मुलं खरंच वाचतात की नुसतं पाठ म्हणतात, हे तपासाच. ही पाच वाक्यं मुलं दुसऱ्याच दिवशी फळ्याकडे न बघता म्हणतात. शब्दपट्ट्या उलटसुलट मांडून मधलीच एक उचला. ‘सन’ ओळखता आला नाही तर ते मूल अजून वाचत नाही.

पाठ्यपुस्तकातून विषय नव्हे, रचना उचला. धड्यात रोजच्या सवयींचा साधा वर्तमानकाळ असेल तर मोहाच्या वाक्यांतही तोच ठेवा; पाचव्या तासाला धडा उघडाल तेव्हा फक्त शब्द नवे उरतील. केकचा धडा मात्र गाळू नका. परकं जगही या मुलांना वाचता यायलाच हवं.

उत्तर ३
वाढदिवसाबद्दल: पटावर अनेकांची जन्मतारीख १ जून असते, प्रवेशाच्या वेळी लिहिलेली. ‘व्हेन इज युवर बर्थडे?’ विचारलं की वर्गभर एकच उत्तर, पुढे बोलायला काही उरत नाही. हीच रचना आठवडी बाजारासाठी, होळीसाठी वापरा. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. मजुरीला बाहेर गेलेली कुटुंबं तेव्हा गावी परततात, हजेरीही सुधारते.

एका मुलाला उभं करून ‘तुमच्यात काय करतात, सांग’ म्हणणं कटाक्षाने टाळा, ते मूल अख्ख्या समाजाचा नमुना बनतं. ‘व्हॉट डझ युवर फादर डू?’ हेही सर्वांसमोर नको. वडील महिनोन्महिने बाहेर असतील, हयात नसतील. ‘हू कुक्स ॲट होम?’, ‘हू फेचेस वॉटर?’ विचारा. आजी, बहीण, कुणीही त्या उत्तरात बसतं.

कोरकू शब्द देवनागरीत लिहिताना उच्चार मुलांकडूनच वदवून घ्या आणि ते ‘बरोबर’ म्हणेपर्यंत फळ्यावर पक्का करू नका.