श्वसन, श्वासोच्छ्वास आणि शून्य गुण

खडूची पूड
दहावी-अकरावीच्या जीवशास्त्राची उजळणी चालू आहे आणि एका शब्दापाशी गाडी अडलीय. सरावपत्रिकेत प्रश्न होता : 'श्वसन आणि श्वासोच्छ्वास यांतील फरक स्पष्ट करा. गुण 2.' एका मुलाने लिहिलं, 'श्वसन म्हणजे नुसता श्वास घेणे. श्वासोच्छ्वास म्हणजे श्वास घेणे आणि सोडणे.' मी शून्य दिलं. दुसऱ्या दिवशी पोरगं शब्दकोशाच्या पानाचा फोटो घेऊन हजर. 'श्वसन'पुढे चक्क 'श्वास घेणे' छापलेलं. 'बाई, पुस्तक खरं की कोश?'

मी समजावलं, की जीवशास्त्रात श्वसन म्हणजे पेशीत ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण होऊन ऊर्जा मोकळी होणं. हवा आत घेणं-बाहेर टाकणं तो श्वासोच्छ्वास. तर म्हणाला, 'मग त्याला श्वसन का म्हणायचं?' मी गप्प. पुढच्या पत्रिकेत कोणता शब्द घालू, म्हणजे हा गोंधळ होणारच नाही?

धातुसाधित
मुलाला दोन्ही गुण द्या. 'श्वस्' म्हणजे श्वास घेणे. विश्वास, आश्वासन, निःश्वास ही सगळी त्याच धातूची पिल्लं. जिथे वारा हलत नाही, नाक नाही, छाती वरखाली होत नाही, तिथे श्वसन कसलं? परिभाषा करणाऱ्यांनी इंग्रजी शब्द समोर ठेवला आणि त्याच्यावर मराठी कागद चिकटवला. 'ऊर्जामोचन' म्हणा, प्रश्न मिटला.

सूक्ष्मदर्शक
ऊर्जामोचन! ऋणमोचन, संकटमोचन यांच्या रांगेत अगदी शोभून दिसेल. धातुकाका, कागद चिकटवला हे कबूल, पण खालचा इंग्रजी शब्दही तसाच आहे. रेस्पिरेशनमधलं लॅटिन 'स्पिरारे' म्हणजे श्वास घेणंच. इंग्रजीतून शिकणारी मुलंही ब्रीदिंग आणि रेस्पिरेशनमध्ये अशीच धडपडतात.

आणि यात कोणाची चूकही नाही. 1780च्या दशकात लव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं, किती बर्फ वितळतो ते मोजलं आणि प्राण्याचा श्वास हे एक प्रकारचं मंद ज्वलन आहे असं मांडलं. मग प्रश्न आला, की हे जळतं कुठे? आधी वाटलं फुप्फुसात. मग रक्तात शोधलं, शेवटी सापडलं पेशींत. पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या अभिक्रियांचं क्रेब्जचं चक्र तर 1937 मधलं. शोध आत आत सरकत गेला आणि शब्दही त्याच्यामागे नाकातून पेशीपर्यंत उतरला. त्या पोराच्या 'का'चं उत्तर हेच. कोश अजून नाकापाशी थांबलाय एवढंच.

धातुसाधित
इंग्रजांनी घोळ घातला म्हणून आपणही घालायचा?

बीजांकुर
शब्दावर भांडण्याआधी एक थर्मास घ्या. मी दरवर्षी करते. मोड आलेल्या बिया जंतुनाशकात धुवायच्या (नाहीतर बुरशीच श्वसन करते आणि श्रेय बिया घेतात), थर्मासमध्ये भरायच्या, तापमापी खुपसून तोंडाला कापसाचा बोळा. दुसऱ्या थर्मासमध्ये उकळून मारलेल्या बिया. दोन दिवसांनी पहिल्यातला पारा वर, दुसरा जागच्या जागी. मग फक्त विचारायचं, 'यातल्या कोणत्या बीला नाक आहे?' एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, 'बाई, बियांना ताप आलाय.' त्या वर्गाला श्वसनाची व्याख्या पुन्हा सांगावी लागली नाही. शब्द श्वसनच होता बरं का.

अर्धविराम
खडूताई, तुमच्याकडे एकाच शब्दाने छळलंय. मला दोन शब्दांनी मिळून छळलं. उत्तर होतं : 'वनस्पती श्वसनात ऑक्सिजन घेतात व बाष्पोच्छ्वासात पाणी सोडतात.' श्वासाची उच्छ्वासाशी जोडी लावून पोरगी मोकळी! आणि वाक्यातला प्रत्येक तुकडा सुटा घेतला तर बरोबर. मी अर्धा तास लाल पेन हातात धरून बसले होते. वर ते ठरलेलं वाक्य असतंच, 'झाडे दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात.' जणू पाळ्या लावल्यात. श्वसन चोवीस तास चालतं, दिवसा ते प्रकाशसंश्लेषणामागे झाकलं जातं, हे किती वेळा सांगायचं?

सूक्ष्मदर्शक
ट्रान्स्पिरेशनमध्येही तोच स्पिरारे बसलाय हो. म्हणून बाष्पोच्छ्वास. आता बाष्पोत्सर्जनही वापरतात.

धातुसाधित
बाष्पोत्सर्जन नको! उत्सर्जन म्हटलं की मुलं वृक्क (मूत्रपिंड) काढतात. शिवाय 'उच्छ्वास' म्हणजे फक्त बाहेर टाकलेला श्वास ही आपली शाळेतली वाटणी. संस्कृतात उच्छ्वास-निःश्वास अशी जोडी येते, तिथे बाहेर जाणारा तो निःश्वास. म्हणजे श्वासोच्छ्वासातला उच्छ्वासच मुळात...

तिरकी रेघ
काका, थांबा. परीक्षा तोंडावर आलीय.

तुम्हाला खरा राग यावा असा शब्द देतो : विनॉक्सिश्वसन. विना + ऑक्सि = विनॉक्सि. बसा आता संधीचा नियम शोधत! पण वर्गातला माझा सगळ्यात लाडका शब्द आहे हा. यीस्ट ऑक्सिजन नसताना ग्लुकोजचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं, ग्लुकोजच्या एका रेणूमागे निव्वळ एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) 2. ऑक्सिश्वसनात जुनी पुस्तकं 38 सांगायची, नवी 30 ते 32 म्हणतात. कितीही धरा, 2 कुठे आणि 30 कुठे! हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं की 'विनॉक्सि' जन्मात विसरत नाहीत.

धातुसाधित
अर्धं तोंड ग्रीक, अर्धं संस्कृत. असल्या शब्दांना माझ्या वहीत जागा नाही.

सूक्ष्मदर्शक
आणि कर्बोदकाला आहे का? कार्बनचा आपण कर्ब केला, हायड्रेटचं उदक केलं आणि कर्ब + उदक असा शुद्ध गुणसंधी लावून दिला. त्या शब्दाचा बाप परदेशीच ना? तो जुना झाला म्हणून सोवळा. विनॉक्सिलाही थोडी वर्षं द्या.

बीजांकुर
कर्बोदक सुंदरच शब्द आहे. त्यात हायड्रोजन-ऑक्सिजनचं पाण्यासारखंच 2:1 प्रमाण असतं हे शब्दातच दिसतं. (प्रत्येक कर्बोदकात नाही, डीऑक्सिरायबोज वगैरे आहेत, पण दहावीला नको.)

अर्धविराम
शब्द नको तितका बोलका असला तरी पंचाईतच. 'अर्धगुणसूत्री विभाजन' (प्रजननपेशी तयार होतानाचं पेशीविभाजन) शिकवताना एकाने वहीत प्रत्येक गुणसूत्र मधोमध कापलेलं काढलं होतं. 46 अर्धुकं! 46ची 23 होतात, म्हणजे संख्या अर्धी होते, गुणसूत्राचा तुकडा पडत नाही, हे सांगायला मला रंगीत लोकरीचे धागे आणावे लागले. 'सूत्री'त धागा आहे, मायटोसिसच्या (सूत्री विभाजनाच्या) ग्रीक शब्दातही धागाच आहे, तेव्हा लोकर चपखल बसली. वर्ग संपताना तोच म्हणाला, 'बाई, मला वाटायचं गुणसूत्र म्हणजे गुण मिळवायचं सूत्र.'

तिरकी रेघ
त्याला पैकीच्या पैकी!

कोशकीटक
उशिरा आलो. 'पेशी'बद्दल कोणीच कसं बोललं नाही? मराठी विश्वकोश 'कोशिका' आणि 'ऊतक' लिहितो, शाळेची पुस्तकं 'पेशी' आणि 'ऊती'. आयुर्वेदात पेशी म्हणजे मांसाची, हिंदीत मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. माझा पुतण्या हिंदी व्हिडिओ पाहून उजळणी करतो. स्नायूच्या प्रश्नात त्याने 'पेशी आकुंचन पावते' लिहिलं. आता स्नायुपेशी आकुंचन पावतेच, त्यामुळे गुण मिळाले. पण त्याला म्हणायचं होतं दुसरंच.

खडूची पूड
मंडळी, माझी पत्रिका उद्या जायची आहे. सूक्ष्मदर्शकांचं उत्तर त्या पोराला सांगितलं, त्याला लव्हाझिए आवडला, शून्य अजून आवडलेलं नाही. 'पेशीश्वसन' लिहू का सगळीकडे? म्हणजे नाकाचा संबंधच तुटेल.

बीजांकुर
लिहा. पण एका प्रश्नात मुद्दाम नुसतं 'श्वसन' ठेवा. छापील प्रश्नपत्रिकेत तेच येणार आहे. आपण आधी सगळे खड्डे बुजवून ठेवले तर मुलं तिथे पडतील. आणि फरक विचारण्याऐवजी 'यीस्ट श्वासोच्छ्वास करतं का? श्वसन करतं का?' असं विचारून बघा. पाठ केलेलं उत्तर तिथे चालत नाही.

धातुसाधित
'पेशीश्वसन' की 'पेशीय श्वसन'? 'पेशीय' हे हिंदी वळण आहे.

कोशकीटक
ईय प्रत्यय हिंदी? राष्ट्रीय, भारतीय, शालेय?

तिरकी रेघ
शालेय हे एय आहे, ईय नव्हे.

कोशकीटक
ते मान्य. पण मुद्दा तोच.

खडूची पूड
यीस्टचा प्रश्न घेतला. बाकी 'पेशीश्वसन' जोडून लिहिलंय. त्या मुलाला अर्धा गुण दिला, कारण 'श्वास घेणे आणि सोडणे' हा अर्धा भाग बरोबर होता. तो आता उरलेला दीड मागतोय.

धातुसाधित
द्या. आणि 'सरावपत्रिका' का म्हणता? 'उजळणीपत्रिका' म्हणा. दागिना उजळतात तसं आधीच शिकलेलं घासून लख्ख करणं. सराव वेगळा.

अर्धविराम
'उजळणी' म्हणजे आमच्या आजीच्या तोंडी पाढे. पाढ्यांशिवाय दुसऱ्या कशाला ती उजळणी म्हणतच नसे.